मोठ्या माशाचा हिशेब

आमच्या रावेरला ‘पारा’ हा शब्द उन्हाळ्याचे दोन-तीन महिने रोज वर्तमानपत्रात असतो. चैत्रात ‘पारा ४२ वर’, वैशाखात ‘पारा ४५ वर’. दुपारी रस्ते ओस पडतात, केळीची पाने कडेने करपतात आणि माणसे थर्मामीटर न बघताच पाऱ्याबद्दल बोलत असतात. समुद्राशी आमचा संबंध जवळजवळ नाहीच. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि तापीच्या मुखाशी असलेला अरबी समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मासा म्हणजे आमच्याकडे हतनूर धरणातला रोहू किंवा कटला, काळ्या मसाल्याच्या रश्श्यातला. अशा गावात बसून खोल समुद्रातल्या माशांविषयी मी लिहितो आहे, त्याला गेल्या माघात घरी आलेली एक थर्मोकोलची पेटी कारण आहे.

माझी लेक मालवणकडच्या घरात दिलेली आहे. पहिल्या बाळंतपणासाठी ती सातव्या महिन्यात माहेरी आली. तिला पोचवायला आलेल्या जावईबापूंनी मुंबईहून रात्रीच्या गाडीने ही पेटी आणली. विहीणबाईंनी बर्फात घालून पाठवलेली मासळी त्यात होती : बांगडे, पेडवे, सुरमईच्या तुकड्या, कुप्याचे गर्द लाल तुकडे आणि हातभर लांबीच्या दोन मोऱ्या. मोरी बाळंतिणीला चांगली, दूध येते, हे सांगायला त्यांचा फोन पेटीच्या आधीच आला होता.

पेटी उघडली आणि तासाभरात लेकीच्या मोबाइलवर कोणा हितचिंतकाचा संदेश आला. समुद्रातल्या माशांत पारा असतो, गरोदर बाईने मासे अजिबात खाऊ नयेत, बाळाच्या मेंदूला धोका होतो. लेकीने मोबाइल माझ्यापुढे धरला. “आप्पा, तुम्ही एवढी वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंत. हे खरं का?”

मी पस्तीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. ज्या मोरीचा फोन आला होता ती मला फॉर्मॅलिनच्या वासासकट पाठ आहे, कारण स्कोलिओडॉन या नावाने तिचे विच्छेदन आमच्या कित्येक पिढ्यांनी केले. तरीही लेकीला एका वाक्यात उत्तर देता येईना. संदेश खोटा नव्हता आणि खराही नव्हता. पुढचे चार दिवस मी जुनी पुस्तके आणि नवे शोधनिबंध घेऊन बसलो. तोवर पेटी शेजाऱ्यांच्या डीप फ्रीझरमध्ये होती.

कोणता पारा?

पहिला घोटाळा ‘पारा’ या शब्दातच आहे. प्रयोगशाळेत थर्मामीटर फुटला की मुले तो चकचकीत थेंब तळहातावर खेळवायची. आम्ही रागवायचो, ते बरोबरच होते, कारण त्याची वाफ फुप्फुसात गेली तर घातक असते. पण हा धातुरूप पारा चुकून गिळला गेला, तर त्यातला बहुतेक भाग शरीरात न भिनता आतड्यातून तसाच बाहेर पडतो. माशात असतो तो पारा वेगळा. त्याच्या अणूला कार्बन आणि हायड्रोजनचा एक छोटा गट, म्हणजे मेथिल गट, चिकटलेला असतो. त्याला आपण मेथिलपारा म्हणू. माशांच्या मांसातला पारा मुख्यतः याच रूपात असतो, हे स्वीडनमध्ये १९६६ च्या सुमारास दिसून आले. लगेच १९६९ मध्ये हेही कळले, की हे रूप द्यायला कारखानाच लागतो असे नाही. चिखलातले जिवाणू साध्या पाऱ्याचा मेथिलपारा करतात. हे काम जिवाणूंच्या कोणत्या दोन जनुकांमुळे होते, याचा शोध मात्र २०१३ मध्ये लागला.

हा एवढासा बदल फार महाग पडतो. अन्नातून गेलेला जवळजवळ सगळा मेथिलपारा आतड्यातून रक्तात शिरतो. प्रथिनांमधल्या गंधकाशी त्याची घट्ट जोडी जमते. सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाला चिकटला, की तो शरीराला नेहमीच्या उपयोगाच्या दुसऱ्या एका अमिनो आम्लासारखा दिसतो. मग मेंदूभोवतीची तटबंदी त्याला अडवत नाही आणि वारही अडवत नाही. आईच्या रक्तात जेवढा मेथिलपारा असतो, त्याच्या साधारण पावणेदोन पट बाळाच्या नाळेतल्या रक्तात सापडतो. आईच्या शरीरातून तो अर्धा व्हायला पन्नास दिवस किंवा त्याहून थोडे जास्त लागतात.

याच घट्ट जोडीमुळे स्वयंपाकघरातले आपले उपाय चालत नाहीत. मेथिलपारा चरबीत नसतो, मांसाच्या प्रथिनांत असतो. त्यामुळे कातडी काढा, चरबी काढा, कोकम लावून ठेवा, तळा किंवा उकळा, तो जागचा हलत नाही. तळताना पाणी उडून गेल्याने वजनाच्या मानाने उलट थोडा दाटच होतो.

पायऱ्या

खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सर्व रूपांतला मिळून पारा किती असतो? साधारण ०.२ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोग्रॅम, आणि त्याचाही पाचवा हिस्सा. हे पाणी आयुष्यभर प्यायले तरी पाऱ्याने काही होणार नाही. त्याच पाण्यात पोहणाऱ्या पिवळ्या पराच्या मोठ्या कुप्यात, ज्याला जगभर यलोफिन टूना म्हणतात, किलोमागे सरासरी तीन-साडेतीन लाख नॅनोग्रॅम पारा असतो. म्हणजे पाण्यापेक्षा दहा लाख पटींहून जास्त. ही चढण कशी होते?

सर्वात मोठी उडी अगदी पहिल्याच पायरीवर, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती-प्लवकांत होते. पाण्यातला मेथिलपारा या एकपेशीय जीवांत शिरतो तेव्हा आत-बाहेर हजारो, कधी लाखो पटींचा फरक पडतो. साधा पाराही शिरतो, पण तो पेशीच्या आवरणाला चिकटून राहतो. मेथिलपारा आतल्या रसात जातो. प्लवक खाणारा बारीक जीव पेशीतला रस पचवतो आणि आवरण बाहेर टाकतो. साधा पारा असा पहिल्याच पंगतीत गळतो, मेथिलपारा पुढच्या ताटात जातो.

तिथून पुढे गुऱ्हाळासारखे चालते. उसाचा रस कढईत आटत जातो, पाणी वाफ होऊन जाते आणि गोडी मागे राहते. बारीक कोळंबीसारखा जीव दिवसाकाठी भरपूर प्लवक खातो. त्यातले बहुतेक अन्न हालचालीत आणि श्वासात खर्च होते, थोडेच अंगाला लागते. मेथिलपारा मात्र खर्च होत नाही. माशाच्या अंगातून तो इतका सावकाश बाहेर पडतो, की अर्धा व्हायलाही बहुधा महिने-वर्षे लागतात. कोळंबीला मांदेली खाते, मांदेलीला बांगड्याएवढा मासा, त्याला सुरमई किंवा कुपा, आणि त्यांनाही गिळणारे तलवार मासे व मोठ्या मुशी आहेत. दर पायरीला तो काही पट वाढतो. आपण पायरी चढली असे म्हणतो, पण खरे तर खालच्या सगळ्यांनी जे खाल्ले त्याचा हिशेब वरच्याच्या नावावर चढत जातो.

या हिशेबात आणखी दोन रकमा असतात. एक वयाची. पट्टेवाला लहान कुपा, म्हणजे स्किपजॅक, दीड-दोन वर्षांत वयात येतो आणि काही वर्षांतच त्याचे आयुष्य संपते. निळ्या पराचा मोठा टूना तीस-चाळीस वर्षे जगू शकतो. दोघेही शिकारीच, पण दुसऱ्याचे खाते कित्येक पट जुने. त्यातून टूना हे मासे सतत पोहणारे आणि अंग पाण्यापेक्षा गरम ठेवणारे. त्यांना इंधन फार लागते. जो जास्त खातो तो जास्त साठवतो.

दुसरी रक्कम खोलीची. हवाईच्या समुद्रात नऊ प्रकारचे मोठे मासे तपासून २००९ मध्ये असे दाखवले गेले, की वरच्या उजेडातल्या पाण्यात चरणाऱ्यांपेक्षा काही शे मीटर खोल जाऊन शिकार करणाऱ्यांत पारा जास्त असतो. याचे कारण पाण्याच्या थरांत आहे. वरून पडणारे मेलेले प्लवक खाली कुजतात, त्या कुजण्यात प्राणवायू संपत जातो आणि अशा मधल्या थरात मेथिलपारा जास्त आढळतो. डोळ्यांनी मोठा असा बिगआय टूना या थरापर्यंत बुडी मारतो. यलोफिन बहुतेक वर राहतो. म्हणून एकाच आकाराच्या दोन टूनांत बिगआयमध्ये पारा जास्त. आपल्या अरबी समुद्रात तर साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायूची टंचाई असलेला जगातल्या सर्वात जाड थरांपैकी एक थर आहे.

नाळेतली साक्ष

धोका नुसता कागदावरचा नाही, हे जगाला जपानमधल्या मिनामाता या मच्छीमार गावाने दाखवले. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनवताना पारा वापरत. त्यातून तयार झालेला मेथिलपारा सांडपाण्याबरोबर खाडीत जाई. आधी मांजरे झोकांड्या खाऊ लागली, मग माणसांचे हात थरथरू लागले, नजर आखडली, बोलणे अडखळले. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्याच रुग्णालयातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये सांडपाणी घातलेले अन्न मांजराला देऊन तोच आजार पाहिला. पण ते बाहेर आले नाही, आणि ती प्रक्रिया १९६८ पर्यंत चालू राहिली. सरकारने अधिकृत रोगी म्हणून मान्य केलेल्यांची संख्याच दोन हजारांवर आहे.

यातला सर्वात कडू भाग बाळांचा. तोवर वैद्यकशास्त्राची समजूत होती, की वार बाळाला विषापासून वाचवते. मिनामातात आयांना थोडीफार लक्षणे, किंवा काहीच नाहीत, आणि मुले मात्र मान न धरणारी, न बोलणारी अशी जन्मली. मासाझुमी हाराडा या तरुण डॉक्टरांनी त्या आयांचे ऐकले. जपानी घरांत बाळाची सुकलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवण्याची रीत आहे. हाराडांनी पुढे अशा नाळा गोळा करून त्यांतला मेथिलपारा मोजला, आणि ज्या वर्षांत कारखाना जोरात होता त्या वर्षांतल्या नाळांत तो जास्त सापडला. आपल्याकडे नाळ पुरतात. ती जपली असती तर काय काय बोलली असती, हे वाचताना माझ्या मनात आले.

इराकमध्ये १९७१-७२ साली तर मासाही मध्ये नव्हता. पेरणीसाठी आलेल्या गव्हाला बुरशी लागू नये म्हणून मेथिलपारा लावला होता, आणि भुकेल्या शेतकरी कुटुंबांनी त्याच्या भाकरी खाल्ल्या. साडेसहा हजार माणसे रुग्णालयात गेली, ४५९ दगावली.

पण मिनामाता आणि इराक ही टोके झाली. कारखान्याच्या तोंडाशी नसलेली, बाजारातून मासे आणणारी आई काय करणार? इथे दोन बेटांची उत्तरे वेगळी आली. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेली सुमारे हजार मुले सातव्या वर्षी तपासली. ज्यांच्या नाळेतल्या रक्तात पारा जास्त होता त्यांची भाषा, लक्ष आणि स्मरण किंचित मागे होते. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरच्या आया आठवड्याला बारा वेळा मासे खात, तरी त्यांच्या मुलांत असा ठाम दोष दिसला नाही. एक मोठा फरक ताटातला होता. सेशेल्सवाले रोज समुद्रातले साधे मासे खात. फेरोवाल्यांचा पारा मुख्यतः पायलट व्हेलच्या मांसातून येई, आणि हा प्राणी अन्नसाखळीत फार वर बसतो.

तिसरे उत्तर ब्रिटनमधून आले, २००७ मध्ये. जवळजवळ बारा हजार गरोदर स्त्रियांच्या पाहणीत, आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासळी खाणाऱ्या आयांच्या मुलांचा भाषिक बुद्ध्यंक जास्त खाणाऱ्यांच्या मुलांपेक्षा कमी निघण्याची शक्यता अधिक दिसली. माशातला डीएचए हा स्निग्ध घटक, आयोडीन, बी-१२ ही सगळी बाळाच्या मेंदूची सामग्री आहे. पाऱ्याच्या भीतीने मासाच बंद केला, तर त्याचा तोटाही बाळालाच होतो. हितचिंतकाच्या संदेशात हे अर्धे राहून गेले होते.

धूर कुठे जातो

एक प्रश्न मला सारखा टोचत होता. जिथे एकही कारखाना नाही, अशा भर महासागरातल्या माशात पारा आला कुठून?

किनाऱ्याजवळचे उत्तर सोपे असते. आपल्याच ठाण्याच्या खाडीत आणि उल्हास नदीच्या मुखाशी, कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून आलेला पारा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या आसपास नोंदवला होता. पुढे या धंद्याने पाऱ्याची पद्धत सोडून पडद्याची पद्धत घेतली. पण नद्यांनी आणलेला पारा बराचसा खाडीतल्या आणि किनाऱ्याजवळच्या गाळातच बसतो. खोल समुद्राला पारा पोचतो तो मुख्यतः आभाळातून. पारा हा वाफ होऊन हवेत महिनोन् महिने टिकणारा धातू आहे. तेवढ्यात वारा त्याला जगभर फिरवून आणतो, आणि मग तो पावसाबरोबर किंवा तसाच खाली येतो.

हवेत तो कोण सोडते? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०१५ मध्ये माणसाच्या उद्योगांतून सुमारे २,२०० टन पारा हवेत गेला. त्यातला सर्वात मोठा हिस्सा, ३८ टक्के, पारा वापरून सोने गाळणाऱ्या छोट्या खाणींचा. दुसरा, २१ टक्के, कोळसा जाळण्याचा.

इथे मी थांबलो. भुसावळजवळच्या दीपनगरच्या चिमण्या आमच्या भागात कोणाला माहीत नाहीत? तिथे ५०० मेगावॉटचे दोन संच २०१२ पासून आहेत. पेन घेऊन आकडेमोड केली. असा एक संच पूर्ण ताकदीने दिवसभर चालला तर एक कोटी वीस लाख युनिट वीज होते. युनिटमागे साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला सुमारे आठ हजार टन. जगातल्या कोळशात टनामागे साधारण एक दशांश ग्रॅम पारा धरतात. म्हणजे एका संचाच्या भट्टीत दिवसाला आठशे ग्रॅम पारा शिरणार. तो इतका जड, की अर्धा कप चहाच्या जागेत मावेल. यातला काही राखेत अडकतो, काही धुराबरोबर जातो. हे दीपनगरचे मोजमाप नव्हे, कोणत्याही एवढ्या संचाचे ढोबळ गणित आहे. पण ज्या दिव्याखाली मी ते मांडत होतो, तो दिवाही अशाच एखाद्या भट्टीवर जळत होता. खान्देशातला आणि समुद्रातला पारा वेगळा, असे मानून मी बसलो होतो. ते अंतर त्या रात्री संपले.

जग याबाबतीत अगदीच स्वस्थ बसलेले नाही. मिनामाताचेच नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानमध्ये झाला. तो १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू आहे, आणि भारताने १८ जून २०१८ रोजी त्याला मान्यता दिली. त्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये, आपल्या औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्यालाही मर्यादा घालून देण्यात आली.

मात्र समुद्राची वही सावकाश मिटते. पॅसिफिक, अटलांटिक आणि हिंदी महासागरांतल्या सुमारे तीन हजार टूनांची १९७१ ते २०२२ पर्यंतची मापे २०२४ मध्ये एकत्र मांडली गेली. काही देशांत धुरातला पारा बराच घटला होता, तरी या माशांतला बहुतेक ठिकाणी तसाच राहिला होता. खालच्या पाण्यात शतकभर साठलेला जुना पारा अजून वर येतो आहे. आज चिमणी स्वच्छ झाली, तरी फरक दिसायला कित्येक दशके लागतील. आपण भरतो आहोत ते आजोबा-पणजोबांच्या काळचे देणे आहे, आणि आपले देणे नातवंडांच्या नावावर पडणार आहे.

पेटीचा निकाल

आता पेटीकडे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये ठरवलेली मेथिलपाऱ्याची आठवड्याची मर्यादा शरीराच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम आहे. साठ किलोच्या बाईला ९६ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वर्षानुवर्षे जमवलेल्या सरासऱ्या घेतल्या, तर किलोमागे पारा असा : तलवार मासा जवळजवळ १ मिलिग्रॅम, किंग मॅकरेल ०.७३, बिगआय टूना ०.६९, यलोफिन ०.३५, स्किपजॅक ०.१४, आणि तारलीच्या जातीतला सार्डिन ०.०१३. म्हणजे आठवड्याची मर्यादा तलवार माशाच्या शंभर ग्रॅमच्या तुकड्यात संपते, बिगआयच्या एकशे चाळीस ग्रॅममध्ये, यलोफिनच्या पावशेराहून थोड्या जास्तमध्ये. सार्डिन मात्र सात किलो खावे लागतील, आणि तितके कोणीच खात नाही. गरोदर स्त्रियांसाठी अमेरिकेचा सल्लाही तसाच आहे : कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम खावेत. मोठी मुशी, तलवार मासा, मार्लिन, बिगआय आणि किंग मॅकरेल टाळावेत.

त्या यादीतल्या किंग मॅकरेलने मला थोडे अडवले. आपल्या सुरमईला हॉटेलात ‘किंगफिश’ म्हणतात, कोणी किंग मॅकरेलही म्हणतात. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावरची ती जात वेगळी आणि आपली सुरमई वेगळी. कूळ एक, घर वेगळे. तिथला आकडा इकडे चिकटवणे बरोबर नाही. तत्त्व मात्र तेच : दोन किलोची सुरमई आणि पंधरा किलोची सुरमई या पाऱ्याच्या दृष्टीने सारख्या नव्हेत. बाजारात मोठ्या सुरमईच्या तुकड्यांना मान असतो. गरोदर बाईसाठी तो मान उलटा धरावा.

मी विहीणबाईंना फोन केला आणि मोठ्या माशांचे सगळे पुराण सांगितले. मुशी तर जगभरच्या यादीत पहिली, म्हणून मोरी आम्ही करणार नाही, असेही म्हणालो. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “भावोजी, तुमच्या पुस्तकातली मुशी माणूस गिळणारी असेल. आम्ही बाळंतिणीला देतो ती हातभर. पेटीत बघितलीत ना?”

मी गप्प झालो. त्यांचे बरोबर होते. स्कोलिओडॉन ही मुशी कुळातली अगदी धाकटी जात. दोन-अडीच फुटांपलीकडे क्वचितच जाते, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात कोळंबी आणि बारीक मासे खाते, एक-दोन वर्षांत वयात येते. पस्तीस वर्षे मी तिच्या मेंदूच्या नसा मुलांना दाखवल्या, पण ती काय खाते आणि किती जगते हे त्या दिवशी एका मालवणी बाईने मला आठवून द्यावे लागले. मुशी म्हटले की सगळ्या मुशी एकच, हे यादीचे शहाणपण. कोळ्याच्या घरी हातभर मोरी आणि पुरुषभर मुशी यांची नावेच वेगळी असतात. तरी तीही शिकारीच. म्हणून बाळंतपणानंतर एखाद्या वेळी, थोडी, असे आमचे ठरले. आईच्या दुधातून मेथिलपारा वारेतून जातो त्यापेक्षा कमी जातो, हाही धीर होता.

शेवटी बांगडे आणि पेडवे लेकीच्या ताटात गेले. सुरमईची एकच तुकडी तिला, बाकी जावईबापूंना. कुपा आम्ही म्हातारा-म्हातारीने खाल्ला. आमच्या मेंदूचे जे व्हायचे ते होऊन गेले आहे, असे हिने वाढताना सांगितले. पुढचे दोन महिने आठवड्यातून दोनदा हतनूरचा रोहू आला. रोहू, कटला, मृगल हे पाण्यातली वनस्पती, प्लवक आणि तळचा कुजका पाला खाणारे, म्हणजे शिडीच्या खालच्या पायरीवरचे. धरणातल्या मरळ आणि वाम यांना शिकारी म्हणून तोच मोठ्या माशाचा नियम लावला आणि ते कमी आणले.

वैशाखात नात झाली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रात पारा ४५ वर होता. हे लिहितो आहे तेव्हा तिचे उष्टावण नुकतेच खिरीने झाले. विहीणबाईंनी आत्ताच विचारून ठेवले आहे, की पहिला मासा कोणता द्यायचा. पेडवा, असे मी सांगितले, काटे नीट काढून. त्यांनाही तेच म्हणायचे होते.